मोठ्या कामाचे तुकडे कसे पाडायचे : दोन एकर केळीच्या कांदेबागेचं उदाहरण घेऊन

"यावर्षी कांदेबाग लावायची" असं वहीत लिहून ठेवलं की ती ओळ तशीच पडून राहते, कारण उद्या सकाळी उठून त्यातलं नेमकं काय करायचं हे तिच्यात कुठेच नाहीये. घर बांधायचं, दुकान टाकायचं, कॉलेजचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करायचा, सगळ्यांचं हेच. काम मोठं आहे म्हणून अडत नाही, पहिला हात कुठे घालायचा ते समजत नाही म्हणून अडतं. मग आपण जे सोपं दिसतं ते आधी करत बसतो, आणि जे लवकर सुरू करायला पाहिजे होतं ते सप्टेंबरात आठवतं.

मी इथे केळीचंच उदाहरण घेतोय कारण त्यात सगळं येतं. सरकारी अर्ज, नर्सरीवाला, मजूर, पाऊस, पैसा, वीज, आणि एकदा तारीख हुकली की भोगायला वर्षभर. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल-चोपड्याच्या लोकांना सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी एवढंच की आमच्याकडे केळीच्या दोन मुख्य लागवडी, जून-जुलैची मृगबाग आणि ऑक्टोबरच्या आसपासची कांदेबाग. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून बाहेर नाव झालं, पण बागेचं गणित त्याने काही सोपं झालं नाही. तुमचा प्रोजेक्ट वेगळा असला तरी पद्धत हीच, फक्त केळीच्या जागी तुमचं काम ठेवा.

आधी शेवट लिहा

पहिलं काम म्हणजे यादी नाही. पहिलं काम म्हणजे एक-दोन ओळीत लिहायचं की संपलं म्हणजे काय दिसेल. आपल्या उदाहरणात असं: "१५ ऑक्टोबरला दोन एकरात ५ बाय ५ फुटावर टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत तयार केलेली) जी-नाईन जातीची रोपं लागलेली आहेत, ठिबक चालू आहे, आणि बांधाला वारा अडवायला शेवरी उभी आहे." तारीख आली, आकडा आला, आणि तिऱ्हाईत माणूस शेतात उभा राहून सांगू शकेल की झालं का नाही झालं.

इथेच हद्द पण ठरवून टाका. कापणी यात आहे का? टिश्यूची बाग कापणीला यायला साधारण ११-१२ महिने लागतात, म्हणजे कापणी, व्यापारी, भाव हा सगळा पुढच्या वर्षाचा वेगळा प्रोजेक्ट झाला. तो यात घुसडला की यादी दुप्पट होते आणि डोकं आत्तापासून भावाच्या काळजीत. मी तर सांगेन की "हे यात नाही" अशी एक छोटी यादीच करा. कापणी नाही, घड झाकायची स्कर्टिंग बॅग नाही, विहिरीचं खोलीकरण नाही. घरात कोणी म्हटलं की लगे हात शेडचे पत्रे पण बदलून घेऊ, तर त्यांना ती यादी दाखवायची.

तुकडे वस्तूवर पाडा, माणसावर नाही

बहुतेक लोक इथे माणसावर पाडतात. दादाची कामं, माझी कामं, सालदाराची कामं. किंवा महिन्यावर पाडतात. दोन्हीत भोकं राहतात, कारण जे काम कोणाचंच नाही ते कोणाच्याच यादीत येत नाही. त्यापेक्षा शेवटी ज्या गोष्टी तयार उभ्या पाहिजेत त्या लिहा आणि त्यांच्यावर पाडा. कांदेबागेत मला पाच दिसतात: तयार जमीन, चालू ठिबक, शेतात आलेली चांगली रोपं, वाऱ्याचं कुंपण, आणि कागद-पैसा. लागवड म्हणजे या पाच गोष्टी एकत्र येण्याचा दिवस.

मग एक प्रश्न विचारायचा: ह्या पाचही झाल्या तर वर लिहिलेला शेवट पूर्ण होतो का, आणि यात जास्तीचं काही आहे का? प्रोजेक्ट मॅनेजमेंटवाले याला शंभर टक्क्यांचा नियम म्हणतात, खालच्या तुकड्यांची बेरीज वरच्या कामाएवढीच पाहिजे, कमी नाही जास्त नाही. आपल्याकडे मजूर कुठे आले? पाचात नाही. म्हणजे सहावा तुकडा झाला, लागवडीचे हात. बघा, प्रश्न विचारला म्हणून सापडला.

सवय करायची असेल तर घरच्या एखाद्या छोट्या कामावर करून बघा. थंडीत मळ्यात पन्नास लोकांची भरीत पार्टी ठेवली तर तुकडे होतील भरीत, कळण्याच्या पुऱ्या, बसायची जागा, पिण्याचं पाणी, येणं-जाणं. भरिताखाली मग वांगी, काड्या, पातीचा कांदा, मिरची, कुटायला माणसं. तेवढ्यात लक्षात येतं की वांगी आदल्या दिवशी आसोदा नाहीतर बामणोदकडून आणायची तर गाडी कोणाची तेच ठरलेलं नाही.

तुकडा किती लहान?

पुस्तकी नियम ८ ते ८० तासांचा आहे, म्हणजे एक काम एका दिवसापेक्षा लहान नको आणि दोन आठवड्यापेक्षा मोठं नको. मोठ्या कंपन्यांना ठीक आहे ते. घरच्या कामाला माझ्या मते अर्धा दिवस ते दोन दिवस हे माप बरोबर बसतं, आणि त्यातून फोन बाजूला काढायचे. फोन पाच मिनिटांचा असला तरी वेगळी ओळ लिहा, कारण अर्ध्याअधिक कामं त्या न केलेल्या फोनपाशीच थांबलेली असतात.

प्रत्येक ओळीत तीन गोष्टी पाहिजेत: काय करायचं ते क्रियापद, एकाच माणसाचं नाव, आणि झालं हे कशावरून कळणार. "ठिबक बघायचं" ही ओळ वाईट. तिचे तुकडे असे होतात:

- विहिरीपासून शेताच्या चारी कोपऱ्यांपर्यंत टेपने मोजून कागदावर कच्चा नकाशा काढणे. (मी. नकाशाचा फोटो ग्रुपवर.)
- सातबारा आणि आठ-अ नवीन काढणे. (दादा. कागद फाईलला.)
- सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर ठिबकच्या अनुदानाचा अर्ज भरणे. (भाचा. अर्ज क्रमांक वहीत.)
- दोन डीलरकडून नकाशा दाखवून कोटेशन घेणे, त्यात फिल्टर आणि व्हेंच्युरी (ठिबकच्या पाण्यातून खत सोडायचं साधन) वेगळे लिहून. (मी. दोन्ही कागद फाईलला.)

"बघू", "विचारू", "करून घेऊ", "फॉलोअप" हे शब्द यादीत दिसले की ती ओळ अजून तुटायची बाकी आहे असं समजा. आणि दोन नावं एका ओळीत लिहू नका, "मी आणि दादा" लिहिलं की दोघंही एकमेकांची वाट बघतात. मदतीला दहा जण येऊ द्या, जबाबदार एकच. नाहीतर मग आठवड्याने फोन होतो, भो, काम व्हयनं का? आणि पलीकडून उत्तर, व्हई जाई, म्हणजे होऊन जाईल. हे उत्तर वहीत लिहिता येत नाही. झालं किंवा नाही झालं, मधलं काही नाही, "ऐंशी टक्के झालं" तर अजिबातच नाही.

कशाच्या आधी काय : इथे खरा वेळ द्या

आता सगळ्या ओळी चिठ्ठ्यांवर उतरवा, एक काम एक चिठ्ठी, आणि ओसरीवर मांडा. मोबाईलमधल्या ॲपपेक्षा जमिनीवर मांडलेल्या चिठ्ठ्या बऱ्या कारण घरातलं म्हातारं माणूस येता-जाता बघतं आणि एखादी उचलून म्हणतं की हे इथे कसं, हे तर आधी पाहिजे. तो सल्ला ॲपमध्ये मिळत नाही.

मांडायचं शेवटून. लागवडीची चिठ्ठी उजवीकडे ठेवा आणि विचारा, याच्या आदल्या दिवशी काय तयार पाहिजे? ओल झालेले गादीवाफे. ओल कशाने? ठिबक चालवून. ठिबक चालायला वाफ्यावर नळ्या पसरलेल्या पाहिजेत, त्याच्याआधी फिल्टर बसलेला, सबमेन (नळ्यांना पाणी पुरवणारी जमिनीखालची पाईप) जोडून पाण्याने धुतलेली. सबमेनला चारी खोदावी लागते, आणि चारी वाफे पाडायच्या आधी खोदलेली बरी, नाहीतर जेसीबी तयार वाफ्यावरून फिरतो आणि ट्रॅक्टरचे पैसे दुसऱ्यांदा जातात. सुरुवातीपासून विचार करणारा माणूस म्हणेल आधी जमीन पूर्ण करू मग ठिबक. शेवटून मागे येणाऱ्याला दिसतं की हे दोन तुकडे मधेच एकमेकांत अडकलेत: नांगरट, मग चारी आणि पाईप, मग शेणखत आणि वाफे, मग नळ्या.

जमिनीची साखळी अजून मागे जाते. शेतात हिरवळीचं खत म्हणून ताग नाहीतर धैंचा गाडायचा असेल तर तो पहिल्या पावसावर जूनमध्येच पेरावा लागतो. साधारण दीड महिन्यात फुलावर यायच्या वेळी गाडायचा, मग कुजायला दोन-तीन आठवडे. २० जूनला पेरला तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गाडणी, महिनाअखेर कुजला, सप्टेंबर मशागतीला मोकळा. बसतंय बरोबर. पण पेरणी १५ जुलैला गेली तर गाडणी ऑगस्टच्या शेवटाला, कुजेपर्यंत सप्टेंबर संपत आला, आणि वाफे परतीच्या पावसात. तेव्हा त्यावर्षी ताग सोडून द्या आणि शेणखत जास्त टाका, हे ठरवणं जुलैमध्ये सोपं आहे, सप्टेंबरमध्ये नाही.

माती परीक्षणाचं उलट. नमुना शेणखत-खत पडायच्या आधी काढायला पाहिजे, म्हणजे उन्हाळ्यातच, शेत मोकळं असताना. शेतात नागमोडी फिरून आठ-दहा जागी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, त्याच्या बाजूची माती, सगळी एकत्र मिसळून चार भाग करत करत शेवटी अर्धा किलो पिशवीत, चिठ्ठीवर गट नंबर. काम अर्ध्या दिवसाचं. रिपोर्ट यायला वेळ लागतो पण तोपर्यंत तुम्हाला काही करायचं नाही, म्हणून लवकर करून टाकायचं.

शेवरीचं तर लोक हमखास विसरतात. वाऱ्याची आडोशी भिंत लागवडीच्या दिवशी विकत आणता येत नाही, ती वाढावी लागते, म्हणून तिची चिठ्ठी जूनमध्ये, जरी ती कोपऱ्यातली बिनमहत्त्वाची ओळ वाटली तरी. आणि केळीच्या ओळींमधल्या जागेत आंतरपीक काय घ्यायचं ते ठरवताना काकडीवर्गीय वेल टाळा, केळीच्या हरण्या रोगाचा व्हायरस त्या पिकांवरही असतो आणि मावा तो केळीवर आणतो. हे काम नाही, निर्णय आहे, पण निर्णयांनाही चिठ्ठी लागते: कोण ठरवणार, कधीपर्यंत.

वाट बघणं वेगळ्या रंगाने लिहा

चिठ्ठ्या मांडल्या की दिसतं की कामाचे दिवस कमीच आहेत, लांबी आहे ती वाट बघण्याची. ठिबकचा अर्ज भरायला एक संध्याकाळ पण अनुदान पाहिजे तर पूर्वसंमती येईपर्यंत खरेदी करायची नाही. रोपांचं बुकिंग म्हणजे एक फेरी आणि ॲडव्हान्स, पण नर्सरी रोप तयार करून, सावलीत कणखर करून देईपर्यंत काही महिने जातात. ताग वाढतोय, शेणखत येतंय, रिपोर्ट येतोय. यातलं काहीच तुमच्या घामाने लवकर होत नाही.

म्हणून माझा नियम साधा आहे: ज्या कामाची पुढची पायरी दुसऱ्याच्या हातात आहे ते आधी सुरू करा, मग ते कितीही लहान असो. मे महिन्यात करायची चार कामं म्हणजे मातीचा नमुना, ठिबकचा अर्ज, रोपांचं बुकिंग, शेवरी-तागाचं बियाणं. चारही मिळून आठवड्याचं काम नाही. पण ही चार कामं मेमध्ये मार्गी लागली तर उरलेला पावसाळा तुम्ही शांत असता, आणि जो माणूस मेमध्ये नांगरटीतच खूश होता तो सप्टेंबरमध्ये नर्सरीच्या दारात उभा असतो.

आता प्रत्येक साखळीचे दिवस बेरीज करा, काम अधिक वाट. सगळ्यात लांब साखळी कुठली निघते ते बघा, तुमचा प्रोजेक्ट तेवढाच लांब, त्यापेक्षा कमी होऊच शकत नाही. हे काही नवीन शोधलेलं नाही, अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीने कारखान्यांच्या कामासाठी १९५७ च्या सुमारास हीच पद्धत बसवली आणि लगेच १९५८ मध्ये तिथल्या नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामाला तिचीच बहीण वापरली, पर्ट नावाची. त्यांच्याकडे कॉम्प्युटर होते, आपल्याकडे वही पुरते. लांब साखळीतलं काम एक दिवस सरकलं की लागवड एक दिवस सरकते. बाकीच्या साखळ्यांत थोडी ढील असते, तिथे चार दिवस इकडे-तिकडे झालं तर कोणावर ओरडू नका.

दिवसांचा अंदाज : मोजून, मनाने नाही

माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ कमीच धरतो, आणि मागच्या वेळी उशीर झालेला आठवत असून धरतो. कानमन आणि ट्वर्स्की या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये यावर लिहिलं होतं. उपाय म्हणजे एक लहान तुकडा खरंच करून बघायचा आणि गुणायचं.

एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, ५ बाय ५ ला एका रोपाला २५, म्हणजे एकरी १,७४२ रोपं आणि दोन एकरला ३,४८४. नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी लावायला, पाच टक्के जास्त धरा, बुकिंग साधारण ३,६५० चं. आता लागवडीच्या आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी एका जोडीला एक ओळ आखून खड्डे घ्यायला लावा, पिशवीतलं एखादं कुठलंही रोप लावून बघा, घड्याळ लावा. समजा तासाला जोडीची ४० रोपं निघाली. ३,४८४ भागिले ४० म्हणजे ८७ तास. चार जोड्या रोज खरे सहा तास धरले, कारण आठ तासांत जेवण, चहा, पाणी, क्रेट वाहणं सगळं आहे, तर दिवसाला २४ तास. ८७ ला २४ ने भागलं की साडेतीनच्या वर, म्हणजे चार दिवस.

आणि हा चार दिवसांचा आकडा मिळाला की त्यातून दुसरं काम जन्माला येतं. सगळी रोपं पहिल्याच दिवशी गाडीतून उतरली तर उरलेली तीन दिवस कुठे ठेवणार? आमच्याकडची ऑक्टोबरची दुपार काही थंड नसते. म्हणजे एकतर सावलीची जाळी आणि पाणी मारायला माणूस, नाहीतर नर्सरीशी बोलून दोन खेपा. मी दोन खेपाच म्हणेन, गाडीभाडं जास्त गेलं तरी. ही ओळ नुसती "रोपं आणणे" लिहून कधीच सापडली नसती.

खानदेशचं कॅलेंडर

चिठ्ठ्यांना तारखा टाकताना भिंतीवरचं कालनिर्णय शेजारी घेऊन बसा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरातल्या बाया माहेरी आणि मजूरही गावी, श्रावणात कानबाईच्या सणाचा रविवार, पोळ्याला बैल जुंपायचा नाही. हे दिवस आधीच काट मारून टाका. पण सणापेक्षा मोठी अडचण कापसाची आहे. कांदेबागेची लागवड आणि कापूस वेचणी एकाच वेळी पडतात, त्यात दिवाळी, आणि तेव्हा गावात मोकळे हात मिळत नाहीत. वेचणीच्या पैशाला सोडून तुमच्याकडे कोण येणार? म्हणून मजुरांशी बोलणं हे काम ऑक्टोबरमधलं नाही, ते गणपतीच्या आसपास टाका, आणि मुकादमाला चार दिवसांची तारीख देऊन ॲडव्हान्स द्या.

विजेचं पण बघा. कृषीपंपाची वीज पाळीने येते, कधी दिवसा कधी रात्री, मग ठिबकची पहिली चाचणी रात्रपाळीच्या आठवड्यात ठेवली तर बॅटरी घेऊन कुठली नळी गळते ते शोधत फिरावं लागेल.

जवळचं बारीक, लांबचं जाड

सगळे तुकडे मे महिन्यातच अर्ध्या-अर्ध्या दिवसाचे करत बसू नका, वाया जातं. पुढच्या तीन आठवड्यांचं बारीक, त्याच्या पुढचं एक-एक जाड ओळ. "गादीवाफे पाडणे" एवढंच ठेवा, ऑगस्टच्या शेवटी त्याचे तुकडे करा, तोपर्यंत पावसाने तुमचा अर्धा प्लॅन बदललेला असेल.

आठवड्यातून एक वेळ ठरवा, रविवारी सकाळी किंवा बाजाराच्या दिवशी, आणि तीनच गोष्टी बघा: काय झालं, काय अडलं आणि कोणापाशी, पुढच्या तीन आठवड्यांत काय येतंय. वीस मिनिटांच्या वर जायला नको. जी चिठ्ठी लागोपाठ दोन आठवडे हललीच नाही तिच्यावर ओरडून फायदा नाही, ती बहुतेक अजून मोठी आहे, किंवा तिच्या पोटात कोणीतरी न घेतलेला निर्णय आहे. "शेणखत आणणे" हलत नाहीये कारण पैसे कुठून ते ठरलेलं नाही. मग "शेणखताच्या पैशाचं दादाशी बोलणे" ही नवी चिठ्ठी, आणि ती आजची.

व्हॉट्सॲप ग्रुप करा पण त्यात फक्त फोटो आणि "झालं" टाकायचं असं आधीच सांगा, गुड मॉर्निंगसाठी दुसरा ग्रुप आहे. यादी मात्र एकाच जागी, वहीत. दोन जागी यादी ठेवली की दोन्ही खोट्या होतात.

कापायचं काय ते आधी ठरवा

एवढं करूनही काहीतरी घसरणारच, रोपं दहा दिवस उशिरा येतील, परतीचा पाऊस वाफे चिखल करेल. तेव्हा ऐनवेळी भांडण नको म्हणून ऑगस्टमध्येच ठरवून ठेवा की तारीख पाळायची का क्षेत्र. कांदेबागेत माझं उत्तर तारीख. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पारा १० अंशांच्या खाली जातो, कोवळी रोपं थंडीत थांबून जातात, आणि उशिरा लावलेलं रोप तिथे लहानपणीच सापडतं. म्हणून वहीत लिहून ठेवा: ५ ऑक्टोबरपर्यंत दोन्ही एकराचे वाफे तयार नसले तर एकच एकर लावायचा, विहिरीजवळचा, आणि त्याच दिवशी नर्सरीला फोन करून अर्धी रोपं मृगबागेसाठी पुढे ढकलता येतात का ते विचारायचं. हे बुकिंग करतानाच बोलून ठेवलं तर फोन सोपा जातो, ॲडव्हान्सच्या पावतीवरच तसं लिहून घ्या. उरलेल्या एकरात ओल असेपर्यंत हरभरा टाकून द्या.